बुरशी मरते, मग कासवाचे काय?

जूनमध्ये पाऊस एकदा लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत टाइल्सच्या फटींत, खिडकीच्या चौकटींत आणि सिंकच्या कडेला काळे ठिपके उठू लागतात. हार्डवेअरच्या दुकानात या दिवसांत सिलिकॉनच्या नळ्या भराभर खपतात. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत दुकानदार एक नळी पुढे करतो, ‘अँटी-फंगल घ्या, बुरशी धरणार नाही.’ बाथरूमपुरता हा सल्ला अगदी रास्त आहे. पण तीच नळी घरी नेऊन कोणी कासवाच्या टाकीचा गळका कोपरा बुजवला, तर बुरशी मारायला घातलेले औषध त्या पाण्यात उतरणार, आणि कासव दिवसरात्र त्याच पाण्यात बसणार, तेच पिणार.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या काचपेटीला कोणते सीलंट वापरावे, असे विचारले की उत्तर म्हणून बहुधा एखाद्या कंपनीचे नाव मिळते. नावावर विसंबण्यात अर्थ नाही. नळीत सिलिकॉनखेरीज काय मिसळले आहे, सांधा आतपर्यंत पक्का झाला आहे का, आणि तो पाण्याखाली राहणार आहे की कोरडा, एवढे कळले तर निम्म्याहून अधिक प्रश्न सुटतो. उरलेला प्रश्न धीराचा आहे. सीलंटमुळे होणारे बहुतेक घोटाळे घाईतून होतात.

मुळात या भागात अशा पेट्या आहेत कोणाकडे? नाग, धामण, अजगर, घोरपड, तारा कासव यांसारखे इथले प्राणी घरात ठेवता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला आडवा येतो. येऊरच्या पायथ्याशी किंवा टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत साप निघाला, तर सर्पमित्र तो पकडतात, वनविभागाकडे नोंद करतात आणि योग्य जागी सोडतात. घरातल्या काचपेटीत दिसतात ते परदेशी प्राणी. लाल कानाची कासवे सर्वांत जास्त, त्याखालोखाल बॉल पायथन, हिरवा इग्वाना, लेपर्ड गेको. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापार करारात, म्हणजे ‘साइट्स’मध्ये नोंदलेल्या परदेशी जाती तिच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना दोन्ही या यादीत आहेत. तेव्हा पेटीच्या सांध्याआधी कागदपत्रांचा सांधा जुळलेला बरा.

लाल कानाच्या कासवाची गोष्ट थोडी वेगळी. दुकानात ते रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असते, म्हणून बरणीएवढ्या टाकीत येते. पूर्ण वाढलेली मादी फूटभर लांबीपर्यंत जाते आणि वीस-तीस वर्षे सहज जगते. टाकी पुरेनाशी झाली की घरोघरी सुतार-काचवाल्याची शोधाशोध सुरू होते. ज्यांना तेवढे जमत नाही ते कासव तलावात सोडून मोकळे होतात. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात हा मोह सोपा आहे, आणि वाईटही. ही जात जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे. मोठी, न गळणारी टाकी घरी बांधून घेणे हा त्यापेक्षा केव्हाही बरा मार्ग, आणि सीलंटचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

सिलिकॉन येण्यापूर्वी माशांच्या टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून होत. सांधे खडूची पूड आणि अळशीचे तेल मळून केलेल्या पुट्टीने, नाहीतर डांबरी मसाल्याने भरत. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते याच जमान्यात. पुट्टी वाळली की तडकायची, अँगल गंजायचा, पाणी झिरपायचे. पुढे सिलिकॉन आले आणि चौकटच गेली. काचेला काच थेट चिकटू लागली. काचपेटीचे आजचे सगळे शहाणपण मत्स्यपालनातून आले आहे, कारण मासा हा कडक परीक्षक. पाण्यात विषारी काही उतरले की तो काही तासांत पोट वर करतो, आणि चूक झाल्याचे मालकाला त्याच दिवशी कळते.

साप किंवा पाल असे लगेच सांगत नाही. सरपटणाऱ्या प्राण्याचा विसाव्याच्या वेळचा चयापचय तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका असतो. तो हळू श्वास घेतो, हळू खातो आणि आजारीही हळूच पडतो. बहुतेक सापांचे उजवे फुप्फुसच खऱ्या अर्थाने काम करते, डावे नावापुरते उरलेले असते किंवा नसतेच. त्यांना आपल्यासारखा श्वासपटल नाही, त्यामुळे जोरात खोकून फुप्फुसातला चिकटा बाहेर टाकण्याची सोयही नाही. शिवाय साप जिभेने वास घेतो. जीभ बाहेर काढून हवेतले कण टिपायचे आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाशी न्यायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. पोट जमिनीला, तोंड कोपऱ्याला आणि जीभ प्रत्येक फटीला लागते. माणूस खोलीतून उठून गॅलरीत जाऊ शकतो. पेटीतल्या प्राण्याला त्या चार काचांच्या आतलीच हवा.

आता नळीकडे वळू. सिलिकॉन सीलंट हवेतल्या बाष्पाशी संयोग पावून रबरासारखे घट्ट होते. घट्ट होताना त्यातून एक पदार्थ बाहेर पडतो, आणि तो कोणता यावरून त्याची जात ठरते. पहिली जात ॲसिटिक. हिच्यातून ॲसिटिक आम्ल सुटते, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. नळी कापताच नाकात झिणझिण्या आणणारा वास येतो तो याचाच. काचेला ही घट्ट धरते, स्वस्त आहे, आणि मत्स्यालयांसाठी म्हणून मिळणारे सिलिकॉन बहुतांशी याच जातीचे असते. दोष एवढाच की ओले असताना ती पितळ, तांबे, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी आणि संगमरवर यांना खाते, आणि ॲक्रिलिकवर नीट बसत नाही.

दुसरी जात न्यूट्रल. दुकानात ‘न्यूट्रल आहे, वास नाही, एकदम सेफ’ असे सांगून ती थोड्या चढ्या भावाने विकली जाते. इथे न्यूट्रलचा अर्थ एवढाच की घट्ट होताना आम्ल सुटत नाही. दुसरे काहीतरी सुटतेच. न्यूट्रलमध्येही दोन प्रकार आहेत. अल्कॉक्सी प्रकारातून बहुधा मिथेनॉल सुटते. ऑक्झिम प्रकारातून मिथाइल इथाइल केटॉक्झिम सुटते, आणि या पदार्थाला युरोपीय संघाने कर्करोगकारक म्हणून वरच्या वर्गात टाकले आहे. ते वर्गीकरण मार्च २०२२ पासून लागू झाले. याचा अर्थ न्यूट्रल सिलिकॉन पेटीत लावूच नये असा नाही. पूर्ण घट्ट झालेला न्यूट्रल सांधा हा शेवटी सिलिकॉनचाच सांधा असतो, आणि ॲक्रिलिकची झडप किंवा ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवायची असेल तर तोच टिकतो. फक्त त्याच्या मंद वासाला भुलू नये. ॲसिटिक निदान ओरडून सांगते की मी अजून ओली आहे. वास संपला की काम बरेचसे झाले हे शेंबड्या पोरालाही कळते. ही सोय न्यूट्रलमध्ये नाही.

खरी मेख मात्र या दोन जातींत नाही, त्यात घातलेल्या बुरशीनाशकात आहे. नळीवर ‘सॅनिटरी’, ‘अँटी-फंगल’, ‘मोल्ड रेझिस्टंट’ किंवा ‘किचन अँड बाथ’ असे छापले असेल, तर ते आत आहे असे समजून चालावे. पूर्वी या कामाला ओबीपीए नावाचे आर्सेनिकयुक्त रसायन वापरत. आता ऑक्टिलिनोनसारखी आयसोथायझोलिनोन गटातली रसायने, झिंक पायरिथिऑन किंवा कार्बेन्डाझिम येते. झिंक पायरिथिऑन हे कोंड्याच्या शांपूतले नेहमीचे द्रव्य. कार्बेन्डाझिम म्हणजे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचे बाविस्टिन. यांतली बरीचशी पाण्यातल्या जीवांना फार विषारी आहेत. आणि बुरशीनाशकाने काम करायचे तर ते सिलिकॉनमधून थोडे थोडे पृष्ठभागावर येत राहिलेच पाहिजे. सांधा पक्का झाला म्हणून ते येणे थांबत नाही. महिनोन्महिने झिरपत राहणे हाच त्या नळीचा गुण, आणि कासवाच्या टाकीत तोच अवगुण.

इथे थोडे तारतम्य हवे. लेपर्ड गेकोच्या कोरड्या पेटीत, बाहेरच्या बाजूने, काच आणि लाकूड यांच्यामध्ये कोणी दोन मिलिमीटरची सॅनिटरी रेघ ओढली असेल, तर ती खरवडून काढण्यासाठी घर डोक्यावर घेण्याचे कारण नाही. प्राणी तिला चाटत नाही, पाणी तिला भिजवत नाही. उलट कासवाच्या टाकीत तळाला तीच रेघ असेल, तर ती काढावीच. कासव ती कुरतडते हे आणखी एक कारण. कोपऱ्यात सुटलेला सिलिकॉनचा मऊ तुकडा त्याला खाण्याजोगा वाटतो, आणि गिळलेला तुकडा आतड्यात अडकू शकतो. म्हणून पाण्याच्या टाकीत आतली रेघ बारीक आणि सपाट ठेवतात. काचा जोडणारा जोर दोन काचांमधल्या थरात असतो. कोपऱ्यात भरलेली जाड गोलाई पाण्याला आणखी एक बांध घालते, तेवढेच.

अमेरिकेतल्या हौशी लोकांमध्ये एक सूत्र वर्षानुवर्षे चालत आले: जीई कंपनीचे सिलिकॉन ‘वन’ चालेल, ‘टू’ नको. कारण दुसऱ्यात बुरशीरोधक होते. सूत्र सुटसुटीत होते, पण कंपन्या तेच नाव ठेवून आतला मसाला बदलतात, आणि असे सूत्र एक दिवस घात करते. आपल्याकडेही तीच गत. ‘डाऊ कॉर्निंगचे आणा’ असे सांगणारे अजून भेटतात. ते नाव २०१८ पासून डाउसिल झाले, आणि त्या एका नावाखाली काचेचे, दर्शनी भिंतीचे, बाथरूमचे अशी कितीतरी वेगवेगळी सिलिकॉन विकली जातात. नळी फिरवून मागची बारीक अक्षरे वाचणे, आणि शंका आली तर त्या नेमक्या मालाचे माहितीपत्रक उघडून त्यात ‘मत्स्यालयासाठी योग्य’ किंवा ‘अयोग्य’ हे शब्द शोधणे, याला पर्याय नाही. चांगल्या कंपन्या आपल्या सॅनिटरी मालाच्या पत्रकात ‘मत्स्यालयात वापरू नये’ असे स्वच्छ लिहितात. दुकानदाराच्या तोंडी हमीपेक्षा त्या एका ओळीला जास्त वजन द्यावे.

मग घट्ट व्हायला वेळ किती? माहितीपत्रकात साधारण २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेला चोवीस तासांत दोन ते तीन मिलिमीटर, असे दिलेले असते. हा वेग बाहेरून आत जाणारा आहे. वरची साय दहा-वीस मिनिटांत धरते, बोट लावले तर कोरडे वाटते, आणि आत मात्र गर कच्चाच असतो. कोपऱ्यात सहा मिलिमीटरची गोलाई भरली असेल तर तीन दिवस लागतात. दोन काचांच्या मधल्या दहा-बारा मिलिमीटर रुंद थराला बाष्प फक्त कडेने मिळते, तिथे आठवडा कमीच. ‘उद्या संध्याकाळी पाणी भरा’ म्हणणारा काचवाला खोटे बोलत नसतो. त्याच्या दृष्टीने टाकी गळत नाही, म्हणजे झाली.

ठाणे-कल्याणच्या हवेचा इथे एक गमतीचा परिणाम होतो. सिलिकॉनला बाष्प हवे असते, तेव्हा जुलैतली ऐंशी-नव्वद टक्क्यांची आर्द्रता त्याच्या पथ्यावर पडते. साय इतक्या पटकन धरते की रेघ ओढून गुळगुळीत करायला पाच मिनिटेही मिळत नाहीत. उलट लाकडावरचे पॉलिश, वार्निश, पाण्यात मिसळणारे लेप याच हवेत दिवसच्या दिवस ओलसर राहतात. म्हणजे काचेची टाकी पावसाळ्यात बांधायला हरकत नाही. प्लायवूडची पेटी दिवाळीनंतर. बरेचजण नेमके उलटे करतात. लाकडाचे काम पावसाळ्यात सुतार रिकामा असतो म्हणून करून घेतात, आणि नोव्हेंबरात पेटीत दिवा लागला की पॉलिशचा वास सुटतो.

सांधा प्रत्यक्ष कसा करतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. जुनी टाकी दुरुस्त करायची तर जुने सिलिकॉन आधी पुरते जायला हवे, कारण नवे सिलिकॉन जुन्याला नीट चिकटत नाही. वरवर बसल्यासारखे दिसते आणि महिन्याभरात पापुद्र्यासारखे सुटते. हत्यार म्हणजे पट्टीच्या दांड्यात बसवलेले ब्लेड, काचेशी जवळजवळ आडवे धरलेले. ओढत नेले की काळपट पट्टी गुंडाळत येते, मागे काचेवर एक तेलकट सावली उरते. ती सावली गेली नाही तर काम फुकट. इथे हात थिनरकडे जातो, कारण तो प्रत्येक सुताराकडे असतो. तो मागे चिकट थर ठेवतो आणि त्याची वाफ बंद पेटीत रेंगाळते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पातळ कापडावर घेऊन दोन-तीनदा पुसले की काच बोटाखाली करकर वाजते. ही खरी खूण. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप, गनच्या नळीचे टोक तिरपे कापलेले, आणि एका दमात, न थांबता ओढलेली रेघ. मध्ये थांबले की तिथे हवेचा बुडबुडा राहतो आणि पाणी पुढे तोच रस्ता धरते. बोट साबणाच्या पाण्यात बुडवून एकदा फिरवायचे, टेप ओला असतानाच काढायचा. साबणाचे पाणी सांध्याच्या आत जाऊ द्यायचे नाही. आठवड्याने टाकी बाहेर ठेवून भरायची, दोन दिवस पाहायचे, ते पाणी ओतून द्यायचे, परत भरायची. कासव त्यानंतर.

वास घेऊन पाहणे ही साधी परीक्षा सगळे सांगतात, आणि ती बरीही आहे. पण डोंबिवलीत ती जरा जपून. एमआयडीसी निवासी विभागात राहणाऱ्याला रसायनाचा वास ही बातमी राहिलेली नाही. २०१४ च्या जानेवारीत इथे हिरवा पाऊस पडल्याची चर्चा झाली, २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. प्रोबेस आणि अमुदान या रसायन कारखान्यांतले २०१६ आणि २०२४ चे स्फोट तर कोणी विसरलेले नाही. अशा हवेत नाक लवकर बधिर होते. म्हणून पेटीचा वास मोकळ्या गॅलरीत न घेता अशा पद्धतीने घ्यावा: आतला उष्णतेचा दिवा, पाणी, माती सगळे रोजच्यासारखे लावायचे, प्राणी ठेवायचा नाही, झाकण बंद करून चोवीस तास पेटी चालू ठेवायची. मग घराबाहेर पाच मिनिटे फिरून यायचे आणि झाकण उघडताच नाक आत न्यायचे. उष्णतेने जे सुटायचे ते सुटलेले असते. बॉल पायथनच्या उबदार कोपऱ्यात ३१ ते ३३ अंश लागतात, दाढीवाल्या ड्रॅगनच्या उन्हाच्या जागी ४० च्या आसपास. थंड पेटीत निर्दोष वाटलेला लेप त्या तापमानाला वेगळाच वागतो. घट्ट झालेले सिलिकॉन मात्र दीडशे अंशांपर्यंत बेफिकीर असते. दिव्याने बिघडतात ते इतर पदार्थ.

त्यांत पहिला नंबर लाकडाचा. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेले स्वस्त कपाट आडवे करून, पुढे सरकत्या काचा बसवून, झकास पेटी होते असे पुष्कळांना वाटते. ते कपाट बहुधा पार्टिकल बोर्डचे किंवा एमडीएफचे असते. त्यातला युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक उष्णता आणि ओल मिळाली की फॉर्माल्डिहाइड सोडतो, आणि सरपटणाऱ्या प्राण्याची पेटी म्हणजे उष्णता आणि ओल. आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूड महाग पडते, पण त्यातला फिनॉलिक डिंक पाण्याला टिकतो आणि खूप कमी सुटतो. त्यावर पॉलिश कोणते? सुतार विचारल्याशिवाय मेलामाइन मारतो, कारण चमक येते. मेलामाइन आम्लाच्या मदतीने घट्ट होते आणि त्या वेळी फॉर्माल्डिहाइड सोडते. नवे दार उघडले की डोळे चुरचुरतात ते त्यामुळे. दोन डब्यांचे पीयू पॉलिश पाण्याला उत्तम, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते फवारताना सुताराच्याच छातीला धोका. पाण्यात मिसळणारे पीयू पातळ तीन-चार हातांत, प्रत्येक हात सुकवून, मग दोन-तीन आठवडे उघड्या हवेत, हा घरगुती कामासाठी बरा मार्ग. लाखेचे जुने स्पिरिट पॉलिश या सगळ्यांत सालस. स्पिरिट उडाले की मागे लाख उरते. पण पाण्याचा थेंब पडला की पांढरा डाग, त्यामुळे कोरड्या पेटीच्या बाहेरच्या अंगालाच ते शोभते. जुना ऑइलपेंट उरला आहे म्हणून तो मारू नये. घरगुती रंगातले शिसे दहा लाखांत ९० भागांपर्यंत आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. माळ्यावरचा डबा त्याआधीचा असू शकतो.

घरात हमखास सापडणाऱ्या बाकीच्या वस्तूंचा हिशेब लवकर उरकता येतो. एम-सील आणि अराल्डाइट दोन्ही इपॉक्सी. दोन भाग सारख्या प्रमाणात, रंग एकजीव होईपर्यंत मळले आणि आठवडाभर ठेवले तर ते दगडासारखे आणि निरुपद्रवी होतात. प्रमाण चुकले तर जास्तीचा हार्डनर कधीच घट्ट होत नाही, चिकट राहतो आणि पाण्यात उतरत राहतो. बोटाला चिकटपणा लागला की ते काढून टाकावे. फेविक्विक प्लास्टिकचा छोटा तुकडा जोडायला ठीक, पण त्याची ओली वाफ झोंबते आणि पाण्याखाली सांधा ठिसूळ होतो. फेविकॉल लाकडाच्या आतल्या सांध्यात असू द्या, ओलीत नको. रंगाऱ्यांचे ॲक्रिलिक फिलर पाण्याने फुगते, आकसते, आणि त्यात टिकाऊपणासाठी जंतुनाशक असतेच. गच्चीवरचे डांबरी वॉटरप्रूफिंग तर दिव्याखाली पाझरू लागते. सिमेंटच्या हौदात कासव ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे नव्या सिमेंटचे पाणी फार अल्कधर्मी असते, पीएच १२ च्या वर. हौद भरायचा, चार दिवसांनी ओतायचा, असे आठवडे काढावे लागतात.

हल्ली देखण्या पेट्यांची हौस आहे. मागची भिंत पीयू फोमने फुगवायची, चाकूने खडकासारखी कापायची, वर काळे सिलिकॉन फासायचे आणि ओले असतानाच त्यावर कोकोपीट दाबायचे. कोकणात नारळाच्या भुशाला तोटा नाही, त्यामुळे काम स्वस्तात होते आणि भिंत खरोखर कड्यासारखी दिसते. यात सिलिकॉनचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून इथे बुरशीनाशक नसलेलीच नळी हवी, आणि थर जाड असल्याने तीन आठवडे थांबणे हवे. फोमचा भाग कुठे उघडा राहिला तर खाद्य म्हणून सोडलेले झुरळ किंवा नाकतोडा त्यात बीळ करतो. मग गेको उपाशी आणि झुरळे सुखात.

पुष्कळदा उत्तम सीलंट म्हणजे सीलंट नसणे. सर्पमित्र पकडलेला साप कापडी पिशवीत किंवा भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवतात. त्यात ना सांधा, ना डिंक, धुवून उन्हात टाकली की काम झाले. बॉल पायथनसारखा लपून राहणारा साप झाकणाला क्लिपा असलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात समाधानाने राहतो, आणि जगभरचे पैदासकार त्याला असेच ठेवतात. काचेच्या तयार टाकीवर जाळीचे झाकण ठेवले तरी नवा सांधा लागत नाही. घरातल्या पाहुण्यांना दाखवायची शोभा आणि प्राण्याची गरज या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे कारागीर सांगत नाही, कारण त्याचे पोट शोभेवर चालते.

सीलंटनंतर प्राणी बिघडला तर काय दिसते? साप तोंड किंचित उघडे ठेवून श्वास घेतो, नाकपुड्यांशी बुडबुडे येतात, घशात घरघर ऐकू येते. कासव पाण्यात एका बाजूला कलते, डोळे सुजतात, खाणे सोडते. पण हीच लक्षणे थंडीने होणाऱ्या न्यूमोनियाची आहेत, आणि कल्याण-डोंबिवलीत पावसाळी रात्री वीज गेली की हीटर बंद पडतो, हे कारण सीलंटपेक्षा जास्त वेळा खरे ठरते. दोन्ही शक्यता डॉक्टरांना सांगाव्यात: पेटी केव्हा दुरुस्त केली, नळी कोणती, वीज किती वेळ गेली होती. रिकामी नळी फेकू नये. तिच्यावरचे नाव आणि बॅच नंबर डॉक्टरांच्या कामी येतो. दरम्यान प्राणी दुसऱ्या, साध्या प्लास्टिकच्या डब्यात हलवावा. आणि त्या काळात फरशी फिनाइलने पुसू नये, कपाटातल्या डांबरगोळ्याही दूर ठेवाव्यात. फिनॉल असलेली जंतुनाशके सापांना चांगलीच बाधतात, आणि सीलंटची एवढी काळजी घेणाऱ्या घरांत या बाटलीकडे बहुधा कोणाचे लक्ष नसते.

राहता राहिली नळीची तारीख. सिलिकॉनचे आयुष्य बंद नळीत साधारण वर्षभर, तेही थंड जागेत. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या गोदामात पडलेली नळी त्याआधीच जाते. शिळे सिलिकॉन गनमधून नेहमीसारखेच बाहेर येते, पण पुढे घट्ट होत नाही. आठवड्यानेही लिबलिबीत राहते आणि काचेवरून बोटाने सोलून निघते. टाकीला हात लावण्यापूर्वी काचेच्या फुटक्या तुकड्यावर एक बोटभर रेघ ओढून ठेवावी. तासाभरात साय धरली नाही, किंवा दुसऱ्या दिवशी ओढून पाहिल्यावर ती रबरासारखी ताणली न जाता सुटून आली, तर बिल घेऊन दुकानात जावे आणि नळी बदलून मागावी.